आयत्या वेळचे विषय

गावच्या हॉलमधला हीटर नाण्यावर चालतो.
पन्नास पेन्सला वीस मिनिटं ऊब.
म्हणून अध्यक्ष टॅपस्कॉट सभेआधी खिसा चाचपतात
आणि मी, ऑड्री स्केल्डिंग, परिषदेची कारकून,
आठवड्याला सहा तासांच्या पगारावर,
वहीच्या समासात तारीख घालते.

हजर सात. रजा एक (गुडघा).
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम.
कुत्र्यांच्या घाणीसाठी दुसरी पेटी हवी,
चर्चच्या फाटकापाशी नको.
मग कुठे, यावर चौदा मिनिटं.
बसथांब्याचं छप्पर म्हणजे भिजत घोंगडं,
अगदी शब्दशः.
तीन कंत्राटदारांची तीन अंदाजपत्रकं
तीन वर्षं माझ्या फायलीत एकमेकांना बिलगून आहेत.

आणि सव्वासहाची बस.
ऑक्टोबरपासून बंद.
कंपनीचं पत्र मी वाचून दाखवलं: चालक मिळत नाहीत.
मिसेस गार्बट म्हणाल्या, आजकाल कामच नको असतं कुणाला.
माना हलल्या.
मी लिहिलं: परिषदेने तीव्र चिंता व्यक्त केली.

विषय सात. लाँग मेडोवर अठ्ठावीस घरं.
यासाठीच आज खुर्च्या कमी पडल्या होत्या,
माणसं भिंतीला टेकून उभी,
ओल्या कोटांचा वास.
गटारं पेलणार नाहीत.
शाळेत जागा नाही.
(शाळेत एकवीस मुलं आहेत, पुढच्या वर्षी चौदा.
ते दुसऱ्या फायलीत आहे.)
कुंपणाची झुडपं तुटतील, चंडोल जातील.
दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन इथे आलेले मिस्टर लॉक्सबी
नकाशा आडवा धरून म्हणाले,
गावाचं गावपण.
त्यांचं घर ज्या रांगेत आहे
तिलाही याच हॉलमध्ये विरोध झाला होता, अठ्ठ्याऐंशी साली.
ते इतिवृत्त माझ्या आधीच्या कारकुनाचं. अक्षर सुंदर.

नागरिकांसाठी वेळ, प्रत्येकी तीन मिनिटं.
अंडी उकडायच्या घड्याळावर मोजतो आम्ही.
सगळ्यांत शेवटी एक मुलगी उठली.
हातमोजे काढले, पुन्हा घातले.
टॅम्सिन. जुन्या लोहाराची नात.
"मी बस चालवते," म्हणाली.
"तुमची सव्वासहाची मीच चालवायचे.
डेपो इथून चार मैल,
मी राहते सव्वीस मैलांवर,
इथे भाड्याने खोली मिळत नाही म्हणून.
पहाटे डेपोला बसने या, म्हणतात.
पण पहिली बस मीच असते ना."
कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.
"आता शहरातली चालवते. एवढंच."

एक मिनिटसुद्धा पुरतं वापरलं नाही तिने.
घड्याळ टिकटिकत राहिलं
आणि उरलेली दोन मिनिटं कुणाची, ते कळेना,
म्हणून आम्ही सगळ्यांनी ती ऐकली.

विरोधाचा ठराव. सूचक गार्बट, अनुमोदक पिंबरी.
बाजूने पाच, विरुद्ध एक, तटस्थ एक.
तटस्थ टॅपस्कॉट.
अकरा वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

कारकुनाला मत नसतं.
मी लिहिलं: एका ग्रामस्थाने आपले म्हणणे मांडले.
मग थांबले. ती आता इथली ग्रामस्थ कुठे?
खोडलं. 'एका व्यक्तीने.'
तेही खोडलं.
हीटर टक् करून विझला.
कुणाचा हात खिशाकडे गेला नाही.
आयत्या वेळचे विषय: नाहीत.

खुर्च्या मी सहा-सहाच्या थप्प्यांत रचते.
दिवे, कुलूप,
किल्ली कुंडीखाली, जी सगळ्या गावाला ठाऊक आहे.

बसथांब्यात टॅम्सिन उभी होती,
भावाच्या गाडीची वाट पाहत.
छप्पर चार ठिकाणी गळत होतं
आणि ती डाव्या कोपऱ्यापासून हातभर अलीकडे,
खांबाला खांदा लावून,
न बघता,
नेमकी त्या एका कोरड्या जागी.

मी गाडीतला दिवा लावून वही उघडली.
पेन गारठलं होतं, उमटेना.
कागदावर गोल गोल फिरवत बसले.